वकीलसाहेबांचं इंग्रजी गेलं तेव्हा

माझे यजमान गेले, त्यानंतर काही महिन्यांनी मुलाने मला डब्लिनला आणलं. ओहायोतलं डब्लिन, आयर्लंडचं नव्हे, हे पुण्यात प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं. मुलगा-सून सकाळी कामाला जात, नात शाळेत, आणि मी खिडकीशी बसून समोरच्या घराचं गॅरेज उघडताना-मिटताना बघत असे. दुःखात होते असं म्हणता येणार नाही. यजमान गेले त्या संध्याकाळीही मी दूध विरजलं होतं आणि सकाळी दही नीट लागलं होतं. लोक म्हणाले, अजून धक्क्यात आहेत, एकदा रडल्या की मोकळ्या होतील. मीही वाट बघत होते.

एक दिवस सून ऑफिसमधून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आई, तुम्ही कॉलेजात फ्रेंच शिकवायचात ना? माझ्या टीममधल्या एकीला मदत हवीय. तिचे वडील फ्रेंच आहेत, डिप्लोमॅट होते. स्ट्रोक आला आणि इंग्लिश पूर्ण गेलं. फ्रेंच तेवढं उरलंय. आणि तिला फ्रेंच येत नाही."

"वडील फ्रेंच आणि मुलीला येत नाही?"

"ते घरी कधी नसायचेच, म्हणाली."

दुसऱ्या दिवशी ती बाई स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आली. साठीला टेकलेली, उंच, भरभर बोलणारी. तिचे वडील नव्वदीच्या पुढचे. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला, पण दाढी गुळगुळीत आणि गळ्यात टाय. मी फ्रेंचमधून नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "मादाम, तुमचे उच्चार जुन्या पुस्तकातले आहेत." निवृत्त झाल्यावर माझ्या उच्चारांबद्दल कोणी बोललं नव्हतं.

मनातल्या मनात मी त्यांना वकीलसाहेब म्हणू लागले. पेशव्यांच्या दरबारात परराज्याचा माणूस यायचा त्याला वकीलच म्हणत, आणि दूतावासाला आपण अजूनही वकिलात म्हणतो.

काम सोपं होतं. मुलगी इंग्रजीत विचारायची, मी फ्रेंचमध्ये सांगायचे, ते उत्तर द्यायचे. औषध घेतलं का, सूप खारट आहे का, पाठ दुखते का. ते मुलीलाही 'तुम्ही' म्हणायचे. इंग्रजीत सगळेच 'यू', त्यामुळे तिला ते कळायचा प्रश्न नव्हता. मी सांगितलं तेव्हा ती हसली. "बरोबर आहे," म्हणाली. "मला तसंच वाटायचं."

मुलगी कामात असली की ते मला त्यांची नोकरी सांगायचे. सलग नाही. शब्द अडायचे, मग डोळे मिटून थांबायचे. ब्रिटनीतल्या एका बंदरगावात जन्म, वडील शाळामास्तर. परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात चिकटले आणि पहिल्यांदा सायगावला गेले, सांकेतिक तारा उलगडणाऱ्या कारकुनांच्या खोलीत. तिथून फ्रेंच निघाले तेव्हा मागच्या अंगणात कागद जाळायचं काम त्यांच्याकडे होतं. "कागद पटकन जळत नाही, मादाम. गठ्ठा सोडवून एकेक पान टाकावं लागतं." मग पश्चिम आफ्रिका. तिथेही झेंडा उतरवायच्या वेळीच पोचले. खात्यात त्यांचं नावच पडलं होतं म्हणे: आवरायला पाठवायचा माणूस. आरडाओरडा न करता आवरतो. पुढे बैरुत. तिथल्या कॉलेजात शिकवणारी ओहायोची एक मुलगी भेटली, लग्न झालं, ही मुलगी झाली. तिथे यादवी सुरू झाली आणि बायको मुलीला घेऊन माहेरी आली. ते मात्र तिथेच राहिले, मग आणखी दोन-तीन देशांत. निवृत्त झाल्यावर या घरी आले आणि बायको जाईपर्यंत तिच्याशी अतिशय सभ्यपणे वागले. हे शेवटचं वाक्य मुलीचं.

हे सगळं ते हवामान सांगावं तसं सांगत. मीही तसंच ऐकत असे. आमचं त्या बाबतीत जमलं.

एका शनिवारी सूप पुढ्यात ठेवून मुलगी माझ्याकडे वळली. "आज एक वेगळं विचारायचंय. बैरुतच्या बंदरातल्या धक्क्यावरचं."

तिने मला ते सांगितलं. ती बोलत असताना वकीलसाहेब शांतपणे तिच्या ओठांकडे बघत होते. ती आठ वर्षांची होती. फ्रेंच नागरिकांना जहाजावर चढवत होते आणि धक्क्यावर वडील कर्णा घेऊन उभे होते. माणसं पुढे सरकत होती. मायलेकींची पाळी आली तेव्हा वडिलांनी आईच्या हातातली पिशवी उचलून खलाशाकडे दिली आणि कर्ण्यातून म्हणाले, पुढचं कुटुंब. तेवढे फ्रेंच शब्द तिला अजून पाठ होते. तिने ते म्हणूनही दाखवले.

"त्यांना विचारा, तेव्हा त्यांना काय वाटलं."

मी विचारलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, शब्द सापडत नसेल, म्हणून मी एक-दोन सुचवलेही. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"काही नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, दुःख संध्याकाळी येईल. मग वाटलं रात्री येईल. मी वाट बघितली. आलं नाही. सकाळी दुसरं जहाज लागलं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. काही गाळलं नाही, घातलं नाही. सांगताना माझा आवाज अगदी वर्गातल्यासारखा येत होता, आणि मनात मात्र त्या संध्याकाळचं विरजलेलं दूध आलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

"ओके," ती म्हणाली. "सूप गार झालं असेल." आणि वाडगा उचलून आत गेली.

ती मला गाडीने घरी सोडायला निघाली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना खूप वाटत असणार, फक्त सांगता येत नसणार. आई पण तसंच सांगायची."

"हं."

"तुम्ही काही सौम्य करून सांगितलं नाहीत ना?"

"नाही."

"थँक यू." सिग्नल सुटला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला शिकवाल? फ्रेंच. मला त्यांच्याशी मधे कोणी न ठेवता बोलायचंय. तुमचा राग नाही हं."

मग दर शनिवारी त्यांच्याच स्वयंपाकघरात आमचा वर्ग सुरू झाला. तिची जीभ जड होती. क्रियापदांची रूपं ती भाजीच्या यादीसारखी म्हणायची. वकीलसाहेब खुर्चीतून ऐकत आणि चूक झाली की डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवत. लिंग चुकलं की एकदा, काळ चुकला की दोनदा. ती चिडायची आणि पुन्हा म्हणायची. कौतुक त्यांनी एकदाही केलं नाही.

थंडी पडली तेव्हा एका दुपारी ती पुस्तक मिटून उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश, मोडकंतोडकं विचारलं, "तुम्हाला थंडी वाजते?"

सवयीने त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघत राहिले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"थोडी," ते म्हणाले.

तिने शाल आणली, त्यांच्या खांद्यांवर घातली, उजवा हात उचलून आत घेतला. त्यांनी मान झुकवली, जशी सगळ्यांसमोर झुकवत तशीच. मी माझा चहा संपवला. त्या दिवसापासून माझी तशी गरज नव्हती. तरी आणखी काही शनिवार मी जात राहिले.

जानेवारीत ते झोपेतच गेले. अंत्यविधीला मोजकी माणसं होती. वकिलातीतून काळ्या कोटातला एक तरुण आला होता, तो फ्रेंचमधून बोलला. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती कानाशी वाकून म्हणाली, "मला अर्धं कळलं."

"कुठलं अर्धं?"

"गावांची नावं," ती म्हणाली.

मुलगा मला न्यायला आला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फ साचून करडं झालं होतं. "आई, बरी आहेस ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने हीटर वाढवला. घरी कोथिंबीर नव्हती, म्हणून आम्ही इंडियन स्टोअरवरून गेलो.