उलटा हात लावून पाहणारा

कॉम्प्युटरच्या डब्याला तो आधी उलटा हात लावायचा, लेकराचा ताप पाहावा तसा. मग म्हणायचा, "घाई नाही, वहिनी. एक पायरी चढू, घंटाभर पाहू."

वहिनी म्हणजे माझी बायको. तिच्या तोंडी दिवसभर "भाऊजी असे, भाऊजी तसे." मला हा माणूस आवडत नव्हता, आधीच सांगून टाकतो.

जानेफळात आमच्या घराला लागून त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मी सातवी नापास, पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करणारा. माझ्या हातांना जळक्या वार्निशचा वास. त्याची स्वच्छ नखं पाहून तुम्हालाही राग आला असता.

बायको शिवणकाम करायची, ब्लाऊज कटिंगचे व्हिडिओ काढायची. आमच्या पोरानं टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर ते जोडताना अडकायचा.

"भंगारात दे," मी बायकोला म्हणालो.

"काऊन भंगारात, भाऊ? याच्यात दम आहे अजून," तो मध्येच बोलला.

त्यानं धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, पंखा बदलला. मग सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटरचा वेग इवलासा वाढवला आणि मशीनला मुद्दाम जड काम देऊन गरमी पाहत बसला. रोज एकच पायरी. चौथ्या दिवशी मशीन अडखळलं, तसा एक पायरी खाली उतरून थांबला.

"आणखी चढंल ना?" मी.

"चढंल. टिकणार नाही."

बायको मला म्हणाली, "पाहा, त्याईले थांबता येते."

हे मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी त्याची पाहून ठेवलेली बटनं दाबली. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज कमी पडलं की मोटारी जळतात. माझं पोट त्यावरच चाललं. तेव्हा जास्त दिलं तर मशीन खूश, हे माझं डोकं. वेग चढवला, व्होल्टेज चढवलं. पडदा काळा. पंखा फिरतोय, बाकी मढं.

त्यालाच बोलवावं लागलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. वीज काढली, बोर्डावरचा गोल सेल काढून थोड्या वेळानं परत बसवला. मशीन उठलं, पण चढवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. तेवढ्यात ती आली.

"सेल उतरला होता, वहिनी. पुन्हा पहिल्यापासून चढू."

माझी लाज त्यानं राखली, आणि तेच मला सहन झालं नाही.

मागच्या साली ती गेली. तेरवीनंतर तो ओट्यावर येऊन बसला. मीच बोललो, "ते मशीन मी बिघडवलं होतं. तिले सांगायचं राहूनच गेलं."

"वहिनीले माहीत होतं," तो म्हणाला. "मले म्हणाल्या, भाऊजी, यांच्यासमोर विषय काढू नका. मनाले लावून घेतात."

म्हणजे एवढी वर्षं माझी गोष्ट त्या दोघांत, आणि मी बाहेर! चहाचंही न विचारता मी आत गेलो. पंधरा दिवस बोललो नाही. मग राहवेना. हाक मारली, "ये बे, बस. आणखी काय म्हणायची ती माझ्याबद्दल?"

तो आठवून आठवून सांगायचा. मी जळत जळत ऐकायचो, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याची वाट पाहायचो.

पोळ्याच्या आधी छातीत कळ आली न् तोही गेला. दुकानाला कुलूप आहे. तिच्या तोंडचं किती सांगायचं बाकी होतं, कोण जाणे. वाईट वाटतं, खोटं नाही बोलत. पण वयानं मी मोठा, नवरा मी, आणि तिच्याकडे पोचला आधी तो.