मु. पो. आणि विजेची करवत

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होते. कुठला माल कुठे जायचा त्याचे पत्ते लिहायचे, ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडायचं आणि पावत्या फायलीला लावायच्या, हे माझं रोजचं काम. पत्ता कसा लिहावा हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी चांगलीच जिरली.

माझं माहेर किन्हवलीचं. बाबा सुतार. थोडी भातशेती होती, पण घर चाललं ते करवत-रंध्यावर. त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला. अंगात शर्ट घालताना हात वर जाईना. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, तीन-चार महिने करवत ओढायची नाही. नुसता आराम दिला तर खांदा मोकळा होईल, नाहीतर हात कायमचा आखडून बसेल. बाबांनी मान डोलावली. डॉक्टरांसमोर ते नेहमीच मान डोलावतात.

अडचण अशी होती की धसईच्या एका बाईंचं घर बांधायला निघालं होतं आणि त्यांच्या पाच चौकटींचं काम बाबांनी घेतलेलं होतं. चौकटी उभ्या राहिल्याशिवाय भिंती वर जात नाहीत. मोठ्या दाराच्या चौकटीच्या पूजेचा मुहूर्तही त्या बाईंनी काढून ठेवला होता, होळीच्या आधीचा. बाबा म्हणाले, "विजंची करवत घेतली तं हाताला वढाताण नाय व्हायची. कल्याणला जातो नि घेऊन येतो." तिथेच त्यांना जाऊ दिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हटलं, "बाबा, ती मी घेऊन देणार. माझ्याकडून." लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, नोकरीला चार. धोतर, शर्ट, औषधं सोडली तर बाबांसाठी मी काही घेतलं नव्हतं. त्यांच्या हातात शोभेल अशी वस्तू तर कधीच नाही.

म्हणून शनिवारी अर्धा दिवस सुटी घेऊन मीच कल्याणला गेले. हत्यारांच्या दुकानात चांगली गर्दी होती. मी विचारलं, लाकूड कापायची मशीन दाखवा. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मागे कोण उभं आहे ते पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "मिस्त्रीला पाठवा ताई, तुम्हाला नाही समजायचं," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुताराच्या घरात वाढलेली मी. सागाचं लाकूड कुठलं आणि ऐनाचं कुठलं, हे मला डोळे मिटून वासावरून ओळखता येतं. तिथून मी जी बाहेर पडले ती कुठल्याही दुकानात न शिरता सरळ एसटीत बसले. रागाच्या भरात ठरवलं, आता इंटरनेटवरूनच घ्यायची. तिथे कुणी माझ्या मागे कोण उभं आहे ते बघणार नाही.

आमच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला होता आणि तोही लाइट असेल तेव्हा. दुपारच्या सुटीत डबा बाजूला ठेवून मी त्या वेबसाइटवर बसायचे. करवतीचा फोटो वरून खाली उतरत यायचा, आधी हँडल, मग मोटर, आणि पातं दिसायच्या आत लाइट जायची. दोनदा फॉर्म पूर्ण भरला आणि दोनदा तो गेला. तिसऱ्या वेळी सगळं पार पडलं. कार्डाचा नंबर टाकून मी तो तीनदा पडताळून पाहिला. पत्ता मात्र मी झोकात टाइप केला. पाहुण्यांना लिहायचे तसाच, शाळेत बाईंनी घोटून घेतला होता तसाच: मु. पो. किन्हवली, ता. शहापूर, जि. ठाणे. इंग्रजी अक्षरांत, टिंबांसकट. पिन कोडही बरोबर घातला. माल सात दिवसांत मिळेल असं पडद्यावर आलं आणि मी लगेच बाबांना फोन लावला.

"सात दिवसात?" बाबा म्हणाले. "मंग थांबतो."

सात दिवस गेले, पंधरा गेले. वेबसाइटवर रोज एकच ओळ दिसायची, माल वाटेत आहे. मग एका दुपारी ओळ बदलली. माल पोचवायला गेलो होतो, दार बंद होतं, असं लिहिलेलं. मी घरी फोन केला. फोन आईने उचलला.

"दार बंद?" आई म्हणाली. "आपला दार कवा बंद असतंय गो? रातीची कडी लावतो तेवडीच. कोन आलाच नाय हितं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दार बंद. तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, असा माणूस या पत्त्यावर राहत नाही. आता मात्र माझा संयम संपला. कस्टमर केअरला फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत होती आणि मध्ये मध्ये सतार वाजवत होती. पाऊण तासाने एक मुलगी लाइनवर आली. मी तिला कारखान्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना झापते तसं झापलं. ती शांत होती. तिने समोरचं वाचून दाखवलं.

"मॅडम, पता तो आपने ही लिखा है. मुंबई, पवई."

मी म्हटलं, कुठली पवई? मी पवई बघितलेलीसुद्धा नाही. ती म्हणाली, "एम यू, पी ओ. मुंबई, पवई. आगे किन्हवली बिल्डिंग का नाम है ना?"

तिने सांगितलेली अक्षरं मी पुन्हा मनात जुळवली. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मु. पो. म्हणजे मुक्काम पोस्ट. माझ्या बाईंनी घोटून घेतलेलं, आमच्या सात पिढ्यांनी लिहिलेलं मुक्काम पोस्ट त्या कंपनीतल्या कुणीतरी मुंबई-पवई करून टाकलं होतं. बॉक्सवर हाताने पत्ता लिहिणाऱ्याने पिन कोड बघायची तसदी घेतली नसावी. आमची करवत पवईत किन्हवली नावाची बिल्डिंग शोधत हिंडत होती. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं. दिवसभर जगाचे पत्ते लिहिणारी मी, स्वतःच्या बापाचा पत्ता मला नीट लिहिता आला नाही.

त्यापुढचा महिना असाच गेला. बॉक्स पवईहून जिथून निघाला तिथे परत गेला. तो पोचल्याशिवाय दुसरा निघणार नाही, असा त्यांचा नियम. दुसऱ्या खेपेला किन्हवलीचा पिन कोड आमच्या यादीत नाही, तिथे आमचा माणूस जात नाही, असं कळलं. मग पहिल्या खेपेला कसा चालला, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. शेवटी मी कारखान्याचा पत्ता दिला. मु. पो. न लिहिता.

या सगळ्या दिवसांत मी दर रविवारी बाबांना फोन करत होते. ते एकदाही चिडले नाहीत. पवईची गोष्ट सांगितली तेव्हा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग चौकशी करायचे, मशीनच्या दात्यांची, मोटरच्या ताकदीची, लाइट नसली तर काय करायचं याची. मी विचारायचे, "बाबा, हात कसा आहे? आराम चाललाय ना?" ते म्हणायचे, "आराम तं आराम. बसलोय मशीनची वाट बघत." मध्ये एकदा मी म्हटलंसुद्धा की तुम्ही कल्याणहून आणा, मी ही ऑर्डर रद्द करते. तेव्हा ते पटकन म्हणाले, "नको गो. तू घेतलीस ना. तीच येऊ दे." मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

होळी झाल्यावर आठवड्याभराने बॉक्स आला. कारखान्याच्या गेटवर मी त्यावर सही केली आणि रविवारी सकाळी सरळगावमार्गे किन्हवलीची एसटी धरली. बॉक्स जड होता, मांडीवर मावेना. कंडक्टरने विचारलं, टीव्ही हाय का? मी म्हटलं, करवत आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला त्याचीही मजा वाटली, इतकी मी खुशीत होते.

घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर नव्हते, नदीवर गेले होते. पडवीत पाय टाकला आणि पायाला काहीतरी मऊ लागलं. भुसा होता. सागाचा, ताजा, अजून पिवळा. कोपऱ्यात तर सुपं भरतील इतका साठलेला. मी आईकडे पाहिलं. ती चुलीपुढून उठली नाही.

"आई, कुणी काम केलं इथे?"

"कोन करनार? तुजे बाबाच." ती लाकडं आत सारत राहिली. "पाची चौकटी झाल्या. मोठ्या दाराची होळीच्या आदी गेली, बाकीच्या परवा टेम्पोनी धसईला गेल्या. बाईंचा मुहूर्त चुकवायचा नव्हता ना. रोज थोडा थोडा कापायचे. दुकला की मी तेल चोळायचे, की परत बसायचे."

"मला का नाही सांगितलं? मी विचारत होते ना दर रविवारी!"

"मी बोलले, सांगा तिला, नायतं कल्याणशी तरी आना. तं बोलले, पोर एवडी धडपडते, दुसरी आनली तं तिला काय वाटंल."

मी भुशातच खाली बसले. मुहूर्त होळीच्या आधीचा होता, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. कल्याणच्या त्या दुकानदाराचा मला पुन्हा राग आला, मग त्या पवईवाल्यांचा आला, आणि दोन्ही राग काही कामाचे नाहीत हे कळायला फार वेळ लागला नाही. बाबा दुकानात गेले असते तर एका दिवसात मशीन घेऊन आले असते. माझा रुसवा सांभाळायला ते दोन महिने करवत ओढत बसले.

बाबा आले. बॉक्स बघून त्यांचा चेहरा फुलला. तो काही खोटा नव्हता, एवढं मला कळतं. ते बॉक्सकडे वाकले आणि त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा कोपरापाशी वाकवून पोटाशी धरलेला. मी म्हटलं, "बाबा, उजवा हात वर करून दाखवा." ते म्हणाले, "करतो ना, आधी मशीन तं बघू." मी तीनदा म्हटलं. तेव्हा त्यांनी हात छातीपर्यंत नेला. त्याच्या वर तो जाईना. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि मीही मग त्यांच्याकडे बघितलं नाही.

सुदैवाने लाइट होती. मशीन लावलं. फळीचा एक तुकडा बाबांनी खाली ठेवला आणि सवयीने जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याने दाबला. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकातल्या चित्रात माणूस उभा होता आणि लाकूड टेबलाला शिकंज्यात आवळलेलं होतं. मी ओरडले, पाय काढा. ते म्हणाले, पाय काडला तं लाकूड धरनार कोन? शेवटी मी दोन पाटे आणि वरवंटा ठेवून ते दाबलं. त्यांनी मशीन डाव्या हाताने धरलं, उजव्याचा नुसता टेकू दिला आणि चालू केलं. आवाजाने कोंबड्या उडाल्या. पातं रेघेवर गेलं आणि चार बोटांएवढं लाकूड कापल्यावर रेघ सोडून बाहेर आलं. बाबांच्या हातून रेघ सुटलेली मी जन्मात बघितली नव्हती. त्यांनी मशीन बंद केलं.

"मशीन चांगलाय," ते म्हणाले. "ब्येस घेतलंस."

आवाज ऐकून शेजारचे काका कुंपणापाशी आले होते. गोठ्याचं दार मोडलंय म्हणून ते दिवाळीपासून बाबांच्या मागे होते. मशीन बघून खूश झाले.

"आता काय, लेकीनं मशीन आनला! आता माजा दार येका दिसात व्हईल ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं की ते हो म्हणणार आहेत. माझ्यासमोर, माझ्या मशीनसमोर, ते दुसरं काही म्हणूच शकत नव्हते. आणि हो म्हटलं की ते दार पुरं करणार, मग तिसऱ्याची खाट, मग चौथ्याचं कपाट, आणि उरलेला हातही त्यातच जाणार.

"काका," मी म्हटलं, "बाबा आता काम घेत नाहीत. दाराचं दुसऱ्या कुणाला सांगा."

आई चुलीपासून उठून दारात आली. काकांना वाटलं मी थट्टा करते आहे, ते हसून बाबांकडे बघत राहिले. बाबा खाली बघून भुसा पायाने एका बाजूला करत राहिले. काका हळूहळू हसायचे थांबले, "बरां," म्हणाले आणि परत गेले.

मला वाटलं, आता बाबा माझ्यावर चिडतील. चाळीस वर्षं केलेलं काम मी त्यांना न विचारता, कुंपणावरून एका वाक्यात बंद करून टाकलं होतं. त्यांनी रागवायला हवं होतं, मला चाललं असतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बरा केलास गो," ते म्हणाले. "माज्या तोंडातनं नसता निगाला."