तळहाताचं पॉलिश

अनसिंग गावातला एक मिस्त्री जुन्या खुर्च्या दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी त्याचा तळहात बघतो. माझ्या वडिलांच्या सागवानी खुर्चीचा एक हात मोडला, तेव्हा वडिलांनी बजावलं, "नवा हात वेगळा दिसला तर मी बसणार नाही."

मिस्त्रीनं नव्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं. "भाऊ, जुना हात बाबाच्या तळहाताच्या घासण्यानं काळा झाला. नवाही तसाच होईन. बाबाले रोज पाठवा."

वडील रोज जाऊ लागले. महिन्याभरानं मी खुर्ची आणायला गेलो. नवा हात कोणता, मलाच ओळखू येईना. पण वडील? भलत्याच कुणाच्या खुर्चीत बसून तिचा हात घासत होते! घरी न्यायला मी त्यांचा दंड धरला.

"खुर्ची न्या," मिस्त्री म्हणाला. "बाबाले काहून नेता? अजून तीन खुर्च्या बाकी हायेत."

"चार," वडील मान वर न करता म्हणाले.