दहावीच्या वर्गातली ग्रामपंचायत

खडूची भुकटी आणि किस्से, या दोन गोष्टी मास्तराच्या अंगावर न मागता साचतात. भुकटी निदान झटकता येते. किस्से मात्र चहाला चार माणसं जमली की आपोआप बाहेर पडायला लागतात. आमच्या स्टाफरूममध्ये तर फर्माइशी होतात, "सर, तो नारायणगडाचा सांगा!"

मी पाटोदा तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. इतिहासात लढाया तरी असतात. नागरिकशास्त्राच्या तासाला मागच्या बाकांवर सामुदायिक डुलकी चालते. एके दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि म्हणाले, "शाळेत बालपंचायत सुरू करा. निवडणूक, सभा, ठराव, सगळं पोरांनीच करायचं. नाही तरी तुमचा तास कुणी ऐकत नाही!"

अपमान गिळला आणि कामाला लागलो.

* * *

बालसरपंचपदाला दोन उमेदवार होते. एक राधा, धनगरवस्तीवरची. वडील मेंढरं राखतात, पोरगी अभ्यासात तरबेज. दुसरा समाधान, माजी सरपंचाचा नातू. राजकारण घरातच शिकलेला गडी!

आता मोठ्यांच्या निवडणुकीत सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना आधीच गाडीत घालून सहलीला नेतात, हे लहान पोरालाही माहीत असतं. समाधानला वाटलं, हा निवडणुकीचा नियमच आहे. मतदानाच्या दिवशी भल्या पहाटे त्यानं आपली हक्काची सगळी पोरं चुलत्याच्या पिकअपमध्ये भरली आणि नारायणगडाला नेली. दर्शन झालं, प्रसाद झाला, 'फुटणार नाही' म्हणून शपथा झाल्या. येताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर सगळ्यांना भजी खाऊ घातली. शाळेत पोचले तेव्हा मी पेटी उघडून फळ्यावर निकाल लिहीत होतो.

राधा सरपंच!

समाधान दारातच थबकला. म्हणाला, "आसं कसं सर? माझी मतं गाडीत हायेत की!"

* * *

पहिल्या सभेला मी वर्गात गेलो तर सरपंचाच्या खुर्चीत राधा नव्हतीच. तिचा चुलतभाऊ दत्तू हाताची घडी घालून ऐटीत बसला होता. राधा शेजारी उभी.

"तू कोण रे?"

"सरपंचाचा भाऊ."

"मग इथं कावून बसलास?"

दत्तूनं माझ्याकडं असं पाहिलं की हा कसला मास्तर, ह्याला काहीच माहीत नाही! "गावात आसंच बसत्येत की सर."

पोराचं खोटं नव्हतं. कारण आमच्या गावच्या खऱ्या सरपंच मंगलकाकू आहेत. सही काकूंची आणि खुर्ची आण्णांची. आण्णा म्हणजे काकूंचे यजमान. सभेत बोलतात आण्णा, हार घेतात आण्णा, फोटोतही आण्णाच.

राधानं मात्र फार विचार केला नाही. "दत्त्या, ऊठ. मागं जाऊन बस," म्हणाली. तो उठला. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी कुणालाच गृहपाठ दिला नाही.

* * *

दिवाळीनंतर दहावीचे जादा तास सुरू झाले आणि एक दिवस राधाचे वडील शाळेत आले. खंडूबापू. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. खुर्ची दिली तरी बसेनात.

"सर, पोरगी हुशार हाय, मला म्हाईत हाय. पर तुमचा तास सुटतोय सातला. वस्तीच्या रस्त्याला एक दिवा न्हाई. आनायला यावं तर मेंढरं कोन कोंडल? म्या न्हाई धाडायचो तिला."

रस्त्याला खांब होते, तारा होत्या, दिवे तेवढे नव्हते. आणि इंग्रजी-गणित नेमकं जादा तासालाच घेतलं जायचं. पाच वाजले की बाकीच्या पोरी वही उघडायच्या आणि राधा दप्तर आवरायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं. तिचे बापू चुकत नव्हते, हे कळत असल्यामुळं तर जास्तच.

* * *

हरलेल्या समाधानला मी विरोधी पक्षनेता केलं होतं. त्यानं काम मनावर घेतलं. पाण्याची टाकी धुवायचा ठराव आला, "विरोध!" मैदानावरचे दगड उचलायचे, "विरोध!"

"अरे, कारण तरी सांग."

"विरोधी पक्ष हाय ना सर. दुसरं काय कारण?"

मग कुणीतरी ठराव मांडला की खेळाचा तास आठवड्याला एकानं वाढवावा. समाधान सवयीनं ओरडला, "विरोध!" आणि त्याच्याच पक्षानं त्याला बाकाखाली घातला.

त्याच सभेत राधानं वस्तीच्या दिव्यांचा ठराव मांडला. सगळ्यांनी समाधानकडं बघितलं. तो खाली मान घालून बसलेला. मी विचारलं, "ह्याला विरोध नाही का?"

"न्हाई सर. त्याच रस्त्यानं मी मळ्यात दूध आनाया जातो." मग हळूच म्हणाला, "लई भ्या वाटतं."

* * *

एकमतानं मंजूर झालेला तो ठराव घेऊन आम्ही वाजतगाजत ग्रामपंचायतीत गेलो. आण्णांनी मोठ्यानं वाचला. "लई गोड! लई गोड पोरं हायेत सर तुमची!" म्हणाले. पोरांना पेढे दिले, ठराव हातात धरून फोटो काढला आणि मोबाईलच्या स्टेटसला टाकला. त्यानंतर महिना गेला.

समाधाननं एकदा विचारलं, "सर, ठराव स्टेटसला गेला म्हंजी मंजूर झाला का?"

मला आण्णांचा असा राग आला होता की त्यांचे पेढे खाल्ल्याचाही पश्चात्ताप झाला!

* * *

ग्रामसेवकांचाही एक किस्सा आहे. माणूस भला, पण त्यांच्याकडं दोन गावं. आम्ही मुलाखतीला गेलो की ते दुसऱ्या गावाला गेलेले असायचे, आणि तिथली माणसं ते इकडं आहेत म्हणून सांगायची. शेवटी मी नाद सोडला.

सहामाहीत प्रश्न घातला होता, 'ग्रामसेवकाची तीन कामे लिहा.' दत्तूनं लिहिलं, '१. ह्या गावात असणे. २. त्या गावात असणे. ३. दोन्ही गावांत नसणे.'

पैकीच्या पैकी मार्क दिले. स्वतः अभ्यास करून लिहिलेलं उत्तर होतं ते!

* * *

एका सकाळी दत्तूची आई फाटकातच मला आडवी आली. "सर, काय शिकवून ऱ्हायले तुमी पोरांला? काल शेपूची भाजी केलती. तर हा भावंडांला हात वर कराया लावतोय, अन् म्हनतोय, भाजी बहुमतानं फेटाळली!"

मी ओशाळलो. "मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार? सभा तहकूब केली. अन् जेवनबी!"

* * *

आता राधा जादा तासाला बसते आणि सात वाजता दिव्यांच्या उजेडात घरी जाते. ते कसं झालं, तो किस्सा शेवटी ठेवलाय.

त्या दिवशी सकाळची ग्रामसभा माणसंच न जमल्यामुळं संध्याकाळवर ढकलली होती. गावच्या सभेत पोरांना मत नसतं, पण बघायला म्हणून मी वर्ग नेला. राधाला त्या दिवसापुरतं घरी सोडायचं मी बापूंना कबूल केलं होतं. पुढं टेबलाशी आण्णा, शेजारी चक्क ग्रामसेवक, आणि मंगलकाकू खाली सतरंजीवर, बायकांच्यात. विषय संपत आले तशी राधा उभी राहिली आणि दिव्यांचं बोलली. आवाज कापत होता, पण पुरतं सांगूनच बसली.

आण्णा हसले. "बघू की बाळा, पुढच्या साली घिऊ. आन् एवढा काय अंधार नसतोय तिथं."

तेव्हा काकू पदर सावरत उठल्या. सभेत त्यांचा आवाज तोवर कुणी ऐकलाच नव्हता.

"नसतोय का? मग चला. सभा तिथंच घिऊ."

लोकांना वाटलं, गंमत आहे. पण काकू चपला घालून चालायलाही लागल्या होत्या. मग काय, पुढं काकू आणि राधा, मागं ग्रामसभा! शेवटचं घर मागं पडलं आणि पुढचं काही दिसेना. आण्णांनी खिशातून मोबाईल काढून बॅटरी लावली.

"अवो, ती बंद करा," काकू म्हणाल्या. "पोरीकडं कुठं मोबाईल हाय?"

आण्णांनी बंद केली. मग सगळ्यांनीच केली. कुठंतरी जवळच कुत्रं गुरगुरलं, आणि पुढारी मंडळी एकमेकांना खेटून चालायला लागली.

मधेच काकू थांबल्या. "लिहून घ्या ग्रामसेवक. वस्तीपतोर सगळ्या खांबांवर दिवे. ठराव मी मांडती."

"दिसत नाही, उद्या लिहितो," ग्रामसेवक म्हणाले. "पण ताई, नुसता मांडून चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी अनुमोदन द्यावं लागतं. कोण देतंय?"

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. आणि रस्त्याकडेच्या नालीतून आण्णा ओरडले, "माझं! माझं अनुमोदन घ्या! अन् कोन हाय बे तिथं, आधी मला वर वढा!"