घुमटाखालचा पुकारा

जिल्हा कोर्टाची इमारत बांधणाऱ्यांनी हौसेला काही सुमारच ठेवला नव्हता. जागा दिसेल तिथे दगडी द्राक्षं लोंबकळवली, दाराशी दोन सिंह बसवले. त्यातला डावा पोट दुखणाऱ्या बोकडासारखा दिसतो, पण ते असो. मधोमध घुमट. त्याखालच्या फरशीत एक चांदणी आहे. तिच्यावर उभं राहून नुसतं खाकरलं तरी वरच्या मजल्यावरचे वकील दचकतात. हा घुमट डोक्यावर पडेल या धास्तीनं मागाहून कुणीतरी जिन्यापाशी एक अगडबंब खांब घातला. त्याच्याआड बसलेल्याला घुमटातलं अवाक्षर ऐकू येत नाही, आणि त्याच्याआडून मारलेली हाकही बाहेर पोचत नाही.

ही गंमत ओळखली ती पुकारा करणाऱ्या पट्टेवाल्यानं. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. खांबाचं गुपित त्यानं फक्त बायकोला आणि थोरल्या भावाला सांगितलं होतं.

आणि त्याच भावानं त्याच्यावर दावा ठोकला! दोघांची घरं शेजारी, मधल्या भिंतीत दार. कसल्याशा फालतू भांडणात भोंग्यानं ते रागारागानं विटांनी बुजवलं. भाऊ म्हणाला, "उघड." हा म्हणाला, "कोर्टात ये." आला की तो!

तारखेच्या सकाळी बायको डबा हातात देत म्हणाली, "खांबाआडून करा पुकारा. तीन हाकांत वादी आला नाही की दावा बाद. आपलं काय जातंय?"

भोंगा दोन पावलं खांबाकडे सरकलाही. पण लहानपणी सायकल मागून धरून धापा टाकत पळणारा दादा त्याला आठवला आणि तो मुकाट चांदणीवर येऊन उभा राहिला. आधी प्रतिवादी म्हणून स्वतःचंच नाव पुकारलं, स्वतःच "हजर!" म्हणाला. आत कोर्टात जज्जसाहेबांनी हसू दाबलं. मग भावाचं नाव. एकदा, दोनदा. कुणी नाही. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून नावच निघेना.

"दादाऽऽ! ये की रे!"

कबुतरं उडाली. कँटीनमध्ये चहा सांडला. दादा काही आला नाही, आणि साहेबांनी दावा काढून टाकला.

"जिंकलास लेका!" कारकून म्हणाला. भोंगा मात्र दाराकडेच बघत होता. दादा कधी उशीर करणारा नव्हे. त्याला काही झालं तर नसेल? मग एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. ही हाक ऐकू न येण्यासारखी जागा अख्ख्या इमारतीत एकच होती. तो जिन्याकडे धावला.

खांबाआड दादा शेंगा सोलत बसला होता. "पडला का दावा?"

"दादा, तू मुद्दाम?"

"मग काय करू! मागे घ्यायचा तर चारचौघांत नाक खाली. म्हटलं, पडू दे आपोआप." दादानं टरफलं झटकली. "तू हाक मारलीस का रे?"

भोंग्यानं मान हलवली.

"काय म्हणून मारलीस?"

"ते आता सगळ्या कोर्टाला विचार," तो कसाबसा म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

संध्याकाळी भोंग्यानं पहार काढली. पहिली वीट हलली तसा पलीकडून दादाचा आवाज आला, "हळू रे, इकडे तुझ्या वहिनीच्या बरण्या आहेत!"