सूर्यमाळचा झरा आणि जानीचा प्रश्न

टीव्हीवर सिंधूच्या पाण्यावरून चर्चा चालली होती. वरच्या देशानं पाणी अडवावं की नाही, यावर जो तो तावातावानं बोलत होता. मी भाजी निवडत ऐकत होते, आणि एकदम मला जानी आठवली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

नाशिकहून त्र्यंबकमार्गे जव्हारला एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट. वळणं पोटाला झेपत नसतील तर पुढच्या बाकावर बसा. डेपोजवळ आठशे रुपयांत बरी खोली मिळाली. संध्याकाळी बाजारात गेले. या भागात शिकवत असताना ज्या शिंप्याकडून शाळेचा झेंडा शिवून घेतला होता, त्याची मशीन अजून त्याच ओट्यावर होती. आता त्याची सून चालवते. मी उगाच पिशवीचा बंद शिवून घेतला आणि बराच वेळ तिथेच टेकले.

सकाळी मोखाडा, तिथून जीपनं खोडाळा. इथे वडापाव खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. पाणीही सोबत ठेवा. एप्रिलमध्ये पाड्यावर तांब्याभर पाणी मागणं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरून आलेलं मागणं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर शिक्षिका होते. वरचा पाडा, खालचा पाडा, दोघांत एकच झरा. एका उन्हाळ्यात वरच्यांनी दगडमाती घालून झरा अडवला. खालच्या बायका रिकामे हंडे घेऊन परतल्या, शिव्यागाळ झाली, दगड उडाले. त्याच आठवड्यात मी वर्गात शेजारी देशांच्या नद्या शिकवत होते. फळ्यावर नदी काढून म्हटलं, वरच्या देशानं खालच्याचा वाटा सोडायचा असतो.

खालच्या पाड्यातली जानी उभी राहिली. "बाई, तुमचा हंडा कोण भरतं?"

माझी खोली वरच्या पाड्यात होती. त्याच अडवलेल्या पाण्यानं भरलेला हंडा रोज दारात यायचा. मी तिला "खाली बस" म्हटलं. ती पुन्हा शाळेत आली नाही, आणि मी तिला आणायला गेले नाही. पावसाळ्यात माझी बदली झाली.

आता जानी अंगणवाडीत मदतनीस आहे. घराच्या दारात मला पाहून थोडी थांबली. "वळखलं मी तुमाला, बाई. या." नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. चव तीच, चुलीच्या धुराची.

दुपार कलल्यावर तिच्याबरोबर झऱ्यावर गेले. पाड्यावर नळ आलेत, पण उन्हाळ्यात कोरडे असतात. पाळी खालच्या पाड्याची होती, त्या बायका वाटीनं हंडे भरत होत्या. वरच्या पाड्याच्या चौघी बाजूला बसून होत्या. कुणी भांडत नव्हतं, पण सगळ्यांची नजर पाण्यावर. वरच्यांपैकी एकीचं मूल तापानं फणफणलं होतं. जानीनं तिला मध्येच एक हंडा भरू दिला आणि मोठ्यानं म्हणाली, "उद्या एक आमाला."

"हे भांडण मिटलं कसं?" मी विचारलं.

"मिटलं कुठं, बाई? दर साल मिटवाय लागतं. होळी झाली का दोनी पाड्याच्या बाया हितं बसतात. औंदा वरच्यांची दोन घरं वाढली, ते जादा मागतात. अजून ठरलं नाय."

परत येताना मी तिला सांगितलं, की तेव्हा तू बरोबर विचारलं होतंस. मी चुकले. तुला न्यायला यायला हवं होतं.

जानीनं डोक्यावरचा हंडा सावरला. "शाळा आवडायची मला," एवढंच म्हणाली. जीप आली तेव्हा तिनं माझा फोन नंबर मात्र मागून घेतला.

घरी येऊन आठवडा झाला. तिथले घाट, मोहाच्या फुलांचा वास, ओळखीचे उतार, सगळं मनात फिरतंय. जुनं गाव पाहून मन हलकं होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, आणि तेच बरोबर असावं.

काल जानीचा फोन आला.

"बाई, बैठक झाली. वरच्यांना दोन घरांचं पाणी वाढवून दिलं. बदल्यात पहाटची वेळ आमी घेतली. चार दिस भांडलो, पन झालं."

मग कोण काय बोललं, कोण उठून गेलं, कुणी परत आणलं, हे ती क्रमानं सांगत गेली, धडा पाठ म्हणून दाखवावा तसं. मी खुर्ची ओढून बसले आणि शेवटपर्यंत ऐकलं.