प्लग ओढून बघणारा प्रमोद

बातमी आली तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरत होतो. फोन प्रमोदच्या बायकोचा. "भाऊजी, हे उठूनच नाही राह्यले," एवढंच बोलल्या. मला रडू वगैरे आलं नाही. बॅटरीची झाकणं लावली, शटर ओढलं आणि गेलो. झोपेतच गेला होता. ज्या माणसानं निम्मं आयुष्य लाईट गेली तर पुढे काय याच विचारात घालवलं, त्यानं स्वतःसाठी काही सोय केली नव्हती. मला त्याचा रागच आला, खरं सांगतो.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आम्ही एका शाळेत होतो, पुढे एका दुकानात. तारा, बॅटरी, मोटर माझ्याकडे. कॉम्प्युटरचं सगळं त्याच्याकडे. नागपूरची चांगली नोकरी सोडून परत आला. काहून बे, विचारलं तर म्हणे, "तिथं जेवाले कोणी हाक मारत नाही." आणि इथं हाक मारली तर वेळेवर येईल तर शपथ! वहिनी ताटं वाढायच्या, मी हात धुऊन बसलेला, आणि मागच्या खोलीतून आवाज, "येऊन राह्यलो!" वरण गार व्हायचं, स्वारीचा पत्ता नाही. त्याच्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही हा त्या घरचा नियम, म्हणून मीही उपाशी. किती शिव्या घातल्या असतील मी!

लामत्याच्या पुढच्या एका गावात आम्ही पाण्याच्या टाकीची पेटी बसवली होती. पेटी म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्याला एक छोटा पडदा. आत लिनक्स, ते एका मेमरी कार्डावर. ठरल्या वेळी टाकी रिकामी दिसली की मोटर सुरू करायची, एवढंच तिचं काम. पण तिकडची लाईट म्हणजे काय विचारता! पेटी सारखं काही ना काही कार्डावर लिहीत असायची, लिहितानाच लाईट जायची, कार्ड खराब, पेटी बंद, गाव बिनपाण्याचं. दोन-चार कार्डं गेल्यावर प्रमोद म्हणाला, "आता ह्याले लिहूच नाही द्यायचं."

म्हणजे त्यानं कार्डावरच्या मूळ फाइलसिस्टीमला कुलूप घातलं. फक्त वाचायची. लिहायचं ते रॅममध्ये, लाईट गेली की आपोआप पुसलं जाणार. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी पेटी सुरूच होईना. आतल्या कुठल्या कुठल्या प्रोग्रामना आपली नोंद लिहायला जागा मिळेना, म्हणून ते अडून बसले. लग्नात रुसलेल्या जावयांची समजूत काढावी तशी त्यानं एकेकाची रॅममध्ये सोय लावली. सुरू व्हायला पेटी जरा वेळ घ्यायची आणि काळा पडदा बघून लोक तिला थापट्या मारायचे, म्हणून तेवढ्या वेळापुरती एक ओळही टाकली : येऊन राह्यलो. मी म्हटलं, अरे हिंदीत लिही, नाहीतर शुद्ध तरी लिही, चार लोक बघतात. "पेटी कोणाची हाय?" म्हणाला. विषय संपला.

मग त्यानं माती खाल्ली. मोटरीची वेळ दुपारऐवजी पहाटेची करून द्यायची होती. केली, चालवून दाखवली, चहा पिऊन आम्ही परत. पण कुलूप न उघडताच केली होती, म्हणजे बदल नुसता रॅममध्ये. संध्याकाळी लाईट गेली, पेटी सगळं विसरली, आणि पहाटे बाया पाण्याचे गुंड घेऊन कोरड्या नळापाशी उभ्या. पाणी समितीच्या शांताबाईंनी भर चौकात ऐकवलं, "भाऊ, तुमची पेटी तं आमच्या बुढ्यावानी हाय. सांगतलेलं रात्रीतून इसरते!" सगळं गाव हसलं, प्रमोदही हसला. पण त्या दिवसापासून काम झालं की तो स्वतःच्या हातानं प्लग ओढायचा, परत लावायचा आणि मोटर सुरू झाल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

तेरवी झाली आणि थोड्याच दिवसांत शांताबाईंचा फोन. लाईटची वेळ बदलली होती, मोटरीची बदलायला हवी होती. "भाऊ, ऊन पाहून राह्यले ना? आता तुमीच या." मी तारा जोडणारा माणूस. चुकलो तर गाव कोरडं आणि त्यानं केलेलं काम माझ्या हातून बाद. दुसरं कोणी येणारंही नव्हतं. वहिनींनी त्याचा लॅपटॉप काढून दिला.

पंपाच्या खोलीत बसून तो करायचा तसंच केलं. कुलूप उघडलं, वेळ बदलली. शेजारीच ती ओळ होती... म्हटलं, उघडलंच आहे तर तिच्या जागी गावाचं नाव टाकून देऊ, बरं दिसेल. शांताबाईंना विचारलं.

"काहून? ते राहू द्या," त्या म्हणाल्या.

राहू दिलं. परत कुलूप घातलं. मग प्लग ओढला.

पडदा काळा झाला. प्लग लावला. मला त्याची आठवण येत होती, फार येत होती. थोड्या वेळानं अक्षरं उमटली : येऊन राह्यलो.

नवी वेळ झाली तशी मोटर सुरू झाली. बाहेर टाकीत पाणी पडायला लागलं. शांताबाईंनी चहा आणून पुढे ठेवला. मी कप हातात घेतला आणि सवयीनं थांबून राहिलो.